बोट लागते

मराठीत बोट दोनदा लागते. एकदा धक्क्याला आणि एकदा पोटात. पहिली लागली की माणसं उतरतात, दुसरी लागली की पोटातलं वर येतं. माझ्या आईला या दोन्ही बोटी एकाच रात्रीत लागल्या होत्या. १९६९ साली लग्न होऊन ती देवगडहून मुंबईला आली. आगबोट बंदराबाहेर नांगरून उभी. नव्या नवरीने शालू आवरत होडीत बसायचं, होडी लाटेवर वर आली की खलाशाने दंडाला धरून बोटीत ओढून घ्यायचं आणि मग रात्रभर डेकवर चादर अंथरून, एका अंगाला ट्रंक आणि दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी कोंबड्या, अशा थाटात भाऊच्या धक्क्यापर्यंत यायचं. "तुझ्या बाबांशी मी बोललेलं पहिलं वाक्य 'बाजूला व्हा' हे होतं," असं ती सांगते. बाबा वेळेत बाजूला झाले नव्हते, हेही सांगते.

म्हणून माझ्या मेहुण्याने घरच्या ग्रुपवर "फेब्रुवारीत सगळे क्रूझवर! मुंबई–गोवा–मुंबई, दोन रात्री, खाणं सगळं पॅकेजमध्ये" असं जाहीर केलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "लोअर डेक की अप्पर?" आणि दुसरा, "देवगड घेते का?"

मेहुणा म्हणाला, ही बोट मधे कुठेच थांबत नाही.

"मग मधल्या माणसांनी काय करायचं?"

"मधल्या माणसांना कोकण रेल्वे आहे ना आई. १९९८ पासून सबंध मार्ग सुरू आहे."

"ती तरी देवगड कुठे घेते?" आई म्हणाली. यावर मेहुण्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती खरंच घेत नाही. मेहुणा गप्प झालेला आमच्या घरात फारसा कुणी पाहिलेला नाही. आई सुनेच्या या भावाला वीस वर्षं अहो-जाहो करते आणि त्याच अहो-जाहोत त्याला निरुत्तर करते.

आमची क्रूझ बॅलार्ड पिअरहून सुटणार होती. तिथून पूर्वी विलायतेच्या बोटी सुटायच्या. साहेब, संस्थानिक, बॅरिस्टर व्हायला निघालेली मुलं, सगळी तिथून. कोकणची माणसं भाऊच्या धक्क्यावरची. दोन्हींमध्ये अंतर तीन-चार किलोमीटरचं. ते कापायला आमच्या घराला पन्नासाहून जास्त वर्षं लागली. आईने मात्र वर पाहिलं, अकरा मजले मोजले आणि विचारलं, "ही बोट कुठे आहे? ही तर सोसायटी झाली."

तिचं म्हणणं पुढच्या दोन दिवसांत मला पदोपदी पटत गेलं. समुद्रावर चालणाऱ्या या अवाढव्य यंत्राची निम्मी अक्कल एकाच कामात खर्च होते: आपण समुद्रावर आहोत हे माणसाला कळू द्यायचं नाही. गालिचे आहेत, झुंबरं आहेत, दुकानं आहेत, जुगाराचं टेबल आहे, आणि समुद्राच्या मधोमध एक तरणतलाव आहे, ज्यात लोक "पाणी फार गार आहे" अशी तक्रार करत उतरतात. पाण्याखाली दोन्ही अंगांना विमानाच्या पंखासारखे पंख असतात. लाटेने जहाज कलायला लागलं की ते आपला कोन बदलून त्याला सावरून धरतात. मेहुण्याने ही माहिती आईला फार कौतुकाने सांगितली.

"म्हणजे ही हलत नाही?"

"अजिबात नाही."

"मग एवढे पैसे कशाचे घेतात?" आई म्हणाली.

सुटण्याआधी सगळ्यांना कवायतीला बोलावलं. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब सूर, म्हणजे धोक्याची सूचना. हा सूर ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. लोक सेल्फी काढत होते. एका काकांनी लाइफ जॅकेट उलटं घातलं होतं आणि ते त्यांना शोभतही होतं. आमच्या अख्ख्या घोळक्यात एकटी आई शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहून ऐकत होती, आणि पट्टा कुठून कुठे घ्यायचा ते तिने शिकवणाऱ्या मुलीला दोनदा दाखवायला लावलं. मला हसू आलं. मग आठवलं, ही 'रामदास'चं नाव ऐकत वाढलेली पिढी. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट मुंबईच्या तोंडाशीच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आईच्या जन्माआधीची गोष्ट, पण किनाऱ्यावरच्या घरांत ती भुताच्या गोष्टीसारखी नाही, घरातल्या मयतासारखी सांगत. मी माझा पट्टा पुन्हा एकदा नीट बांधला.

खोली आम्हाला उजव्या अंगाची मिळाली होती. छान मोठी खिडकी. आईने पडदा सरकवून बराच वेळ बाहेर पाहिलं आणि विचारलं, "जमीन कुठे आहे?" तेव्हा आमच्या लक्षात आलं. जहाज दक्षिणेला चाललं की उजवा हात पश्चिमेकडे. आमची खिडकी सबंध रात्र अरबस्तानाकडे तोंड करून बसणार होती. "पैसे मोजून मस्कत बघायला आलोय," असं म्हणून आई पाठ फिरवून झोपली.

पहाटे पाचला मला जाग आली तेव्हा तिचा पलंग रिकामा होता.

अकरा मजले धुंडाळताना माणसाच्या मनात काय काय येतं ते लिहीत नाही. ती वरच्या डेकवर डाव्या कठड्याशी सापडली. अंगावर शाल, पायात जहाजाच्या फुकट मिळालेल्या कापडी सपाता. बाजूला एक सफाईवाला मुलगा तिला सोबत म्हणून उगीचच तोच चौकोन पुन्हा पुन्हा पुसत उभा होता.

"देवगड याच सुमाराला जायला हवं," ती म्हणाली. घड्याळ, अंतर, वेग यांचा काही हिशेब तिने केला होता की नाही देव जाणे, पण मी नंतर केला तेव्हा तो पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने बरोबर निघाला. देवगडच्या किल्ल्यावर १९१५ सालचं दीपगृह आहे. आईचं माहेर त्याच्या उजेडाच्या टप्प्यात. लहानपणी तो झोत फिरून आमराईवरून जायचा आणि ही मुलगी दोन उजेडांमधले आकडे मोजत झोपी जायची. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी ठेवलेली असते, कुणाची भरभर, कुणाची सावकाश. अंधारात खलाशाला उजेडाच्या तालावरून गाव ओळखता यावं म्हणून. आईला देवगडचा ताल पाठ होता. पण समोर धुकट अंधार आणि त्यात मासेमारी ट्रॉलरांचे पांढरे, हिरवे, पिवळे दिवे इतके, की वाटावं समुद्रात कुणाचं तरी लग्न आहे.

"दिव्यांची गर्दी झाली रे," आई म्हणाली. "पूर्वी एकच होता, म्हणून तो आपला वाटायचा."

उजाडेपर्यंत आम्ही उभे होतो. काही सापडलं नाही. मग ती म्हणाली, "चल, चहा तरी पाजतात का बघू."

चहाच काय, सगळंच पाजत आणि खिलवत होते. उपाहारगृहाच्या दाराशी एक मुलगी गाणं म्हणत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर जंतुनाशकाचा फवारा मारत होती. आईने सवयीने उजव्या हाताची ओंजळ केली, आणि ती तोंडाशी नेण्याआधी माझ्या मुलाने मनगट धरलं म्हणून बरं. आत इडली होती, मेदूवडा होता, पोहे, उपमा, पराठे, फाफडा, जिलेबी. एक जैन काउंटर, एक बिनसाखरेचा काउंटर, आणि मधोमध कलिंगड कोरून केलेला हंस, ज्याच्याकडे बघून कुणाची कलिंगड खायची हिंमत होत नव्हती. आदल्या संध्याकाळपासून मेहुण्याने आम्हाला रणनीती शिकवली होती. बुफेत शत्रू म्हणजे पोळी आणि भात. ते पोट भरतात आणि त्यांची किंमत काही नाही. आधी महाग ते खायचं: चीज, सुकामेवा, मासे. स्वतः तो पहिल्याच फेरीत पोह्यांच्या दोन बशा घेऊन बसला. "चांगले झालेत हो," एवढंच म्हणाला. सेनापती असा पहिल्या चढाईतच पडल्यावर सैन्याने काय करावं? आम्हीही पोहेच घेतले.

दहाला बोट लागली. धक्क्याला.

मुरगाव हे गोव्याचं मोठं बंदर. कोळसा, खनिज, कंटेनर यांचं. माहितीपत्रकातल्या माडांऐवजी समोर अजस्र क्रेन उभ्या होत्या. सहलीचे अनेक पर्याय जहाजाने ठेवले होते, पण त्यांचे दर पाहून मेहुणा म्हणाला, "टॅक्सी बाहेर निम्म्यात मिळेल." मिळाली. मात्र यात एक मेख असते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुम्ही स्वतः टॅक्सी करून भटकलात तर तुमचं तुम्ही बघायचं. सहाला निघणार, पाचपर्यंत सगळे आत. ही मेख मेहुण्याने आम्हाला परतीच्या वाटेवर सांगितली.

टॅक्सीवाला वास्कोचा. तो कोकणीत बोलायचा, आई मालवणीत, आणि दोघांचं असं जमलं की बाकीचे आम्ही पाचजण त्यांच्या गाडीत लिफ्ट मागून बसल्यासारखे झालो. कुठे जायचं याची चर्चाही त्या दोघांतच झाली आणि मंगेशी ठरलं. मुलीला बीच हवा होता. "समुद्र काय, बोटीवर आहेच की," आई म्हणाली, आणि टॅक्सीवाल्याला हे इतकं पटलं की त्याने गाडी चालू केली.

कुठ्ठाळीला झुवारीवरचा तारांनी तोललेला नवा पूल लागतो. मंगेशाचं मूळ स्थान हेच, कुठ्ठाळी, जुन्या नावाने कुशस्थळी. पोर्तुगीज अंमलात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० साली भक्तांनी लिंग उचललं आणि ही नदी ओलांडून पोर्तुगीज अंमलाबाहेरच्या प्रियोळात नेलं. देव घेऊन, अंधारात, माग लागू न देता त्यांनी ती नदी कशी पार केली असेल याचा विचार करेपर्यंत आमची गाडी पलीकडे पोचली होती आणि मागच्या सीटवर मुलगा विचारत होता, "जहाजावर लंच किती वाजेपर्यंत असतो?"

मंगेशीच्या आवारात सात मजली दीपस्तंभ आहे, पांढराशुभ्र, अष्टकोनी. मुलाने मान वर करून मोजलं आणि म्हणाला, "आपली बोट याच्यापेक्षा चार मजल्यांनी मोठी."

"हो," आई म्हणाली. "पण ह्याचे दिवे बाहेरच्या माणसासाठी. तिचे सगळे आतल्यासाठी."

दर्शन दहा मिनिटांत झालं. बाहेरच्या दुकानांनी पाऊण तास घेतला. आईला आमसुलं हवी होती. तिच्या भाषेत सोलं. पहिल्या दुकानातली जुनी निघाली, दुसऱ्यातली मिठात बुडवलेली, तिसऱ्या दुकानातल्या बाईने तोंडात टाकायला दिलेलं सोल आईने डोळे बारीक करून चघळलं, चघळलं आणि म्हणाली, "बरी आसत." कोकणी माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही हे त्या बाईला ठाऊक असावं, कारण तिने भाव एक पैसाही उतरवला नाही. दरम्यान मेहुणा घड्याळाकडे बघत दीपस्तंभाभोवती प्रदक्षिणा घालत होता. जेवायला थांबलो ते वेगळंच. जहाजावर फुकट असलेलं जेवण सोडून बाहेर पैसे देऊन जेवल्याचं दुःख त्याने बांगड्याच्या आमटीने गिळलं.

परतताना दाबोळीच्या अलीकडे रहदारी अडली आणि मेहुण्याने ती मेख सांगितली. पुढची वीस मिनिटं गाडीत जी शांतता होती तशी देवळाच्या गाभाऱ्यातही नव्हती. फक्त आई आणि टॅक्सीवाला शांतपणे बोलत होते. त्याच्या आजीला आईसारखीच पित्ताची खोड होती असं निष्पन्न झालं होतं. पाचला दहा कमी असताना त्याने आम्हाला फाटकाशी सोडलं आणि आम्ही धावलो. बायको चपला हातात घेऊन, मुलगा मोबाइलवर चित्रण करत, आणि आई तिच्या नेहमीच्या चालीने, जी धावण्यापेक्षा थोडीशीच कमी आहे. वरच्या डेकवरून ओळीने उभे राहिलेले लोक टाळ्या वाजवत होते. क्रूझवर हा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम असतो म्हणे: चहाचा कप हातात घेऊन उशीर झालेल्यांना पळताना बघायचं. उलटं जॅकेटवाले काका सर्वांत जोरात ओरडत होते.

तपासणीच्या यंत्राने आईची पिशवी अडवली. बाहेरचं खाणं जहाजावर न्यायला बंदी. जवानाने सोलांची काळी, चिकट, सुरकुतलेली पुडी उचलून हिंदीत विचारलं, हे काय आहे?

"दवाई," आई म्हणाली. "पित्त का."

जवानाने पुडी नाकाशी नेली. वासावरून ते खाण्याचं काही असेल यावर त्याचा विश्वास बसला नसावा. पुडी परत मिळाली. पन्नास वर्षांत आईने माझ्यासमोर बोललेलं हे पहिलं खोटं, आणि तेही निम्मं खरं.

रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात. आमची दुसरी, नऊची. मोठं सभागृह, पांढऱ्या टेबलक्लॉथवर तीन-तीन काटे, खिडकीजवळचं टेबल. वाढायला जो मुलगा होता त्याच्या बोलण्यातला एक हेल आईने बरोबर पकडला.

"खंयचो रे तू?"

त्याचा चेहराच बदलला. "शिरोड्याचो, आजी. वेंगुर्ल्यातलो."

मग आमच्या जेवणाची ऑर्डर काही काळ बाजूला पडली. जगभरच्या जहाजांवर आमच्या या किनाऱ्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गोव्यात तर जहाजावर नोकरी करणाऱ्याला 'तारवटी' असा खास शब्द आहे. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या नावाने 'कूड' आहेत. बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर या लोकांनी तिथे पेटी टेकायची आणि आपल्या गावची बोली ऐकायची. रत्नागिरीकडच्या गावांतून खलाशी गेले, सारंग झाले, तांडेल झाले. म्हणजे समुद्रावर आम्ही नवे नाही. आता टेबलाच्या अलीकडल्या बाजूला बसायला मिळालंय, एवढंच.

आईने मासा मागवला. आला तो पांढरा, चौकोनी, काट्याविना, वर पिवळसर सॉस आणि बाजूला लिंबाची चकती.

"खंयचा नुस्ता?"

मुलाने ओशाळून सांगितलं, बासा. बासा म्हणजे व्हिएतनामकडच्या नद्यांतला, तळ्यांत वाढवलेला, गोड्या पाण्यातला मासा. आई खिडकीकडे बघू लागली. खाली अख्खा अरबी समुद्र होता. सुरमई, बांगडे, सौंदाळे आपापल्या कामाला निघाले असतील. त्यांच्या डोक्यावरून आम्ही गोठवलेला बासा खात चाललो होतो.

"एक कप कढत पाणी आण," आई म्हणाली.

सोलं भिजत पडली. मग तिने नारळाचं दूध मागितलं. मुलगा म्हणाला, वरच्या मजल्यावर थाई करीसाठी असतं, बघतो. तो गेला तो एक जग घेऊनच आला. सॅलडमधली हिरवी मिरची चमच्याच्या मागच्या बाजूने ठेचली गेली. कोथिंबीर सूपवरच्या सजावटीतून काढली. लसूण काही मिळाली नाही. आईने सोलं चोळली, गाळायला काही नव्हतं म्हणून चहाचं गाळणं आलं, आणि त्या तीन-तीन काट्यांच्या टेबलावर, पायाच्या उंच ग्लासांत, सोलकढी ओतली गेली. बायकोने मान खाली घातली. मुलीने फोटो काढला. मेहुण्याने पहिला घोट घेतला, मग दुसरा, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या गुजराती कुटुंबातल्या आजींनी विचारलं, हे गुलाबी काय आहे, मेनूत तर दिसत नाही. आणि यात कांदा-लसूण नाही ना? नशीब म्हणायचं. एक ग्लास तिकडे गेला. तिथून "अजून आहे का?" अशी विचारणा आली. जग शिरोड्याच्या मुलाने परत नेला तेव्हा त्याच्या तळाशी दोन बोटं कढी होती. खांबाआड तो जरा जास्त वेळ थांबला.

परत आल्यावर तो वाकून म्हणाला, "आजी, देवगड आता येतला. दर फेरीक ह्याच वेळार."

"आणि तुझा वेंगुर्ला?"

"तो आठाक जाता. तेव्हा मी प्लेटी मांडत असतंय."

आई एकदम सावध झाली. मी मनात दिशा फिरवून पाहिली. येताना जहाज उत्तरेला चाललेलं, त्यामुळे आता उजवा हात पूर्वेकडे. आमचं टेबल उजव्या अंगाचं. म्हणजे ज्या खिडकीशी आम्ही तासभर पाठ करून जेवत होतो तिच्याबाहेर कोकण होतं. आईने काचेला नाक लावलं. काचेत झुंबर दिसलं. काचेत मेहुणा दिसला. काचेत शेजारची गुजराती आजी तिच्याकडे बघून हसताना दिसली. बाहेरचं काही दिसेना. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, त्याचं तोंडाभोवती फोटोग्राफरच्या काळ्या कापडासारखं आवरण केलं आणि पुन्हा काचेला टेकली. "दिवे फार आहेत," ती पदरातून म्हणाली. "तुमच्या या बोटीवर दिवे फार."

मी तिला वर डेकवर नेणार होतो. उठलोसुद्धा. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली, ढोल वाजला, आणि अख्ख्या सभागृहातले दिवे एकदम गेले. गोडाची मिरवणूक निघाली होती. ही बऱ्याच क्रूझवरची जुनी रीत: दिवे मालवून वाढपी मंडळी लखलखत्या फुलबाज्या लावलेले केक डोक्यावर घेऊन, हातरुमाल गरगर फिरवत, टेबलांच्या मधून नाचत येतात. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. रुमाल फिरू लागले. शिरोड्याचा मुलगा त्या रांगेत तिसरा होता, डोक्यावर केक आणि चेहऱ्यावर नोकरीचं हसू.

झुंबर काचेतून गेलं होतं. मेहुणा गेला होता. काळ्या काचेत दूर, पाण्याच्या कडेला, एक उजेड आला आणि गेला.

"आई, अहो इकडे बघा!" मेहुणा टाळ्या वाजवत ओरडला. "हे पॅकेजमध्ये आहे!"

"गप रे!" आई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मोजतेय ना मी."